खाऱ्या वाऱ्यात गाडीचा रंग चमकता ठेवायचा तर

आमचं घर मालवणजवळ, दर्यापासून चालत दहा मिनिटांवर. थंडीत सकाळी गाडीच्या बॉनेटवर दव साचलेलं असतं. ऊन चढलं की ते वाळतं आणि मागे पांढुरकी साय राहते. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. या सायीवर कोरडा फडका मारून गाडी बाहेर काढायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. कोकणातल्या गाड्यांची चमक सगळ्यात जास्त याच सवयीने जाते, असं माझं ठाम मत आहे. मिठाचे खडे आणि चिरेखाणीची लाल धूळ, दोन्ही फडक्याखाली धरून आपण रोज रंगावर घासतो.

हे काम मी शिकलो ते बाजारपेठेतल्या एका जुन्या पेंटरकाकांच्या शेडमध्ये बसून. हाताखालच्या पोरांना ते दिवसातून दहा वेळा तरी सांगायचे, "आदी पानी मार, मगे फडको लाव." पॉलिश कुठलं, मशीन कुठली, वॅक्स कुठला हे सगळं त्यानंतर येतं. पुढे जे लिहिलंय त्यात हे वाक्य पुन्हा पुन्हा येईल, कारण दरवेळी काम अडतं ते तिथेच.

चमक कुठून येते

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी किंवा थोडी जास्त. त्यात क्लिअर कोट फक्त ३५ ते ५० मायक्रॉन, आपल्या केसाहूनही पातळ. चमक दिसते ती या वरच्या थराची. तो सपाट असेल तर उजेड एका दिशेने परत येतो आणि बॉनेटमध्ये माडाची झावळी स्पष्ट दिसते. त्यावर बारीक ओरखडे असतील तर उजेड विखुरतो आणि रंग धुरकट वाटतो.

दुपारच्या उन्हात काळ्या किंवा गडद गाडीच्या बॉनेटकडे बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघांची जाळी दिसते. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांनी गेलेले असतात, पण जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच लकाकतात, म्हणून ते गोल भासतात. पॉलिश करणं म्हणजे या ओरखड्यांच्या कडा घासून सपाट करणं. त्यात दरवेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो. तो परत भरून येत नाही, आणि उन्हापासून रंग वाचवणारं रसायनही त्याच थरात असतं. म्हणून दर दिवाळीला गाडी रबिंगला देणं म्हणजे रंगाचं आयुष्य खरवडणं. एकदा नीट पॉलिश करावं आणि नंतर वर्षानुवर्षं धुण्याची शिस्त पाळावी.

जुन्या पांढऱ्या, लाल गाड्यांवर काही वेळा वेगळा क्लिअर कोट नसतो, रंगच वरचा थर असतो. आडबाजूला थोडं पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तुमची गाडी त्यातली. क्लिअर कोट असल्याचं माहीत असलेल्या गाडीवर रंग फडक्यावर आला तर मात्र हात तिथेच थांबवा, क्लिअर कोट संपला आहे.

दिवस निवडा

आपल्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही हवा दमट असते. मिठाचा एक गुण इथे नीट समजून घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ते यामुळेच. गाडीवरचं मीठही तसंच पाझरतं आणि जिथे टवका उडाला आहे तिथे पत्र्याला ओलं धरून ठेवतं.

पॉलिश, वॅक्स, कोटिंग, रंगकाम, सगळ्याला नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळचं दव पूर्ण वाळू द्यायचं, दहा-साडेदहाला सुरुवात करायची आणि संध्याकाळी दव पडायच्या आत आवरायचं. जागा सावलीची हवी, पण आंब्याच्या किंवा माडाच्या खाली नको. पडवीसमोरचं खळं शेणाने सारवलेलं असेल तर आदल्या रात्री पाणी शिंपडून धूळ बसवा. पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून बघा. चटका बसत असेल तर पॉलिश घासण्याआधीच वाळेल आणि डाग पडतील.

धुणं: सगळं काम इथेच ठरतं

पाणी कुठलं वापरता याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर प्रत्येक थेंब वाळताना पांढरी कडी ठेवून जातो. पिताना चव बदललेली जाणवते त्या दिवसांत त्या पाण्याने गाडीची शेवटची धुवण करू नका. निदान अखेरच्या दोन बादल्या गोड्या पाण्याच्या ठेवा. पावसाळ्यात पहिल्या चार-पाच सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली पिंप लावून साठवलेलं पाणी गाडीसाठी फार चांगलं, कारण त्यात क्षार नगण्य असतात. मी दरवर्षी दोन पिंपं त्यासाठीच राखून ठेवतो.

साहित्य साधं आहे. पंधरा-वीस लिटरच्या दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा मिट म्हणजे हातमोज्यासारखा झुबकेदार धुण्याचा फडका, चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश, आणि पुसायला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्याने आधीचा वॅक्स उतरतो.

आधी चाकं आणि चाकांवरच्या कमानींची आतली बाजू धुवा. तिथे लाल चिखलाचा थर बसलेला असतो. तो शेवटी काढायला गेलात तर धुतलेल्या गाडीवर उडतो. मग नळीने वरून खाली पाणी सोडा. टपापासून सुरुवात, मग काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा भाग. या वेळी गाडीला हात लावायचा नाही. पाच मिनिटं नुसतं पाणी वाहू द्या. खाली पडणारं पाणी आधी तांबूस असतं, मग गढूळ, मग नितळ. ते नितळ दिसेपर्यंत मिट बादलीत बुडवू नका. चिऱ्याची धूळ सुकली की घट्ट चिकटते, म्हणून गाडी फारच माखलेली असेल तर एकदा भिजवून दहा मिनिटं थांबा, सावलीतच, आणि पुन्हा पाणी मारा.

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. मिट शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, मग नुसत्या पाण्यात चांगला खंगाळून पुन्हा शाम्पूत. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही, आणि दाब मिटच्या वजनाएवढाच. दरवाज्यांचा खालचा एक फूट आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण खडी तिथेच असते. काम झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून बघा. बोटांना जी लाल रेती लागेल ती एका बादलीत धुतलं असतं तर बॉनेटवर फिरली असती.

पुसताना टॉवेल पसरून ठेवायचा आणि दोन टोकं धरून हलकेच आपल्याकडे ओढायचा. रगडायचं नाही. आरशांच्या मागे, दारांच्या फटीत, नंबरप्लेटखाली पाणी लपतं. दार उघडून तेही टिपून घ्या, नाहीतर तासाभराने पॉलिशच्या मधोमध ओघळ येतो.

झाडांचं देणं

कोकणात गाडीवर काय पडत नाही! प्रत्येकाला उपाय वेगळा, पण घाई सगळ्यांचीच करायची.

मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर चकचकीत चिकट थेंबांचा सडा पडतो. ती तुडतुड्यांची साखर. दोन-चार दिवसांत त्यावर काळी बुरशी धरते. कोमट पाण्यात शाम्पू घालून फडका भिजवा, तो पाच मिनिटं नुसता ठेवून द्या, मग उचला. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेचंही तसंच, भिजवून उचलायची. ती उन्हात एक दिवस जरी राहिली तरी क्लिअर कोटवर तिचा आकार कोरला जातो. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही. फणस कापताना आपण हाताला खोबरेल लावतो, तेच इथे करा: कापसाने खोबरेल लावून चीक सैल करा, टिपा, नंतर तेवढीच जागा शाम्पूने धुवा. काजूच्या बोंडवाचा रस पांढऱ्या गाडीवर तपकिरी डाग ठेवतो, तो वाळण्याआधी पाणी मारलं तर सहसा निघतो. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या कड्यांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्याने लावा, मिनिटभरात धुऊन टाका. वाळू देऊ नका.

चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने गाडी पुसायची जुनी पद्धत आहे. त्याने तासभर तेलकट लकाकी दिसते आणि मग सगळी धूळ त्यावर चिकटते. ती सोडून द्या.

पिशवीत हात घाला

गाडी धुऊन वाळली की पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटांची टोकं बॉनेटवरून फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, जणू रवा पसरला आहे. ती रंगात रुतलेली घाण आहे: ब्रेकच्या लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, सुकलेला चीक. ती काढल्याशिवाय पॉलिश केलंत तर तीच पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडेल.

लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की कणांपाशी जांभळे ओघळ येतात. वास फार उग्र असतो. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरा, वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवा. डांबराला टार रिमूव्हर. मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मळलेल्या मातीसारखी वडी. शंभर ग्रॅमच्या वडीचे चार तुकडे करा, एक तुकडा हातात मळून पोळीसारखा चपटा करा. गाडीवर शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा आणि क्ले त्यावर फक्त सरकवा. आधी तो अडखळतो, कुरकुर आवाज येतो, मग अचानक घसरायला लागतो. घसरला की तो भाग झाला. दर दोन-तीन फुटांनी तुकडा उघडून बघा, मळकट झाला तर आतली स्वच्छ बाजू बाहेर घडी करा. तुकडा जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्यात चिकटलेला एक खडा तुमचं दिवसभराचं काम खराब करील. मी एकदा पंचवीस रुपयांचा तुकडा वाचवायला गेलो आणि मागच्या दारावर वीतभर लांब रेघ उमटली. ती काढायला अर्धा दिवस गेला.

घासायचं किती

आता गाडी पडवीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून प्रत्येक भाग बघा. नखाचं टोक ओरखड्यावर आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा क्लिअर कोट पातळ करू नका. नख अडकत नाही ते सगळं कमी-जास्त प्रमाणात निघतं.

मशीन निवडताना घरच्या कामाला ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय डगमगतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमधल्या साध्या रोटरी बफरला हात बसलेला माणूस लागतो. नवख्या हातात तो कडेवरचा रंग काही सेकंदांत जाळतो, आणि हाती उरतात ती होलोग्रामसारखी फिरती वलयं.

दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या धारदार कडा, रबर बीडिंग, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लोगो यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो. टेप लावायला अर्धा तास लागतो, तो द्या.

मग चाचणीची जागा. बॉनेटवर किंवा डिकीवर एक फूट बाय एक फूट चौकोन टेपने आखा. सगळ्यात सौम्य जोडी आधी: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. समाधान झालं नाही तर तेच पॉलिश मध्यम पॅडवर. तेवढ्यानेही जाळी गेली नाही तरच कम्पाउंड, म्हणजे जास्त खरवडणारं जाडं पॉलिश. कम्पाउंडने सुरुवात करणारे बरेच आहेत, कारण फरक लगेच दिसतो. पण मागे राहणारी धुरकट झाक पुन्हा बारीक पॉलिशने काढावी लागते आणि तोवर दोनदा घासून झालेलं असतं. ज्या जोडीने चौकोन साफ झाला तीच उरलेल्या गाडीला.

कृती अशी. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद ठेवून पॅड टेकवा, कमी वेगावर दीड फूट बाय दीड फूट भागात पसरा. मग वेग चार किंवा पाचवर न्या आणि हात सावकाश सरकवा, एका सेकंदाला साधारण एक इंच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आधी आडवं, मग उभं, असे चार ते सहा फेरे. हात जोरात ढकलायचा नाही, मशीनच्या वजनापेक्षा थोडाच अधिक दाब. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर बसतं त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. पॅड नुसतं थरथरत असेल आणि रेघ जागेवर असेल तर दाब जास्त झाला. एप्रिल-मेमध्ये काम करायचीच वेळ आली तर भाग अजून लहान घ्या, पॉलिश लवकर कोरडं पडतं आणि पिठासारखी धूळ उडते.

प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने किंवा टॉवेलवर फिरवून साफ करा. घासून निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश पॅडमध्येच बसतं, त्याने पुढचा भाग खराब होतो. एका गाडीला तीन-चार पॅड हाताशी हवीत. उरलेलं पॉलिश स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. फडका खाली पडला की तो धुण्यात गेला, पुन्हा गाडीला लागला नाही पाहिजे.

मशीन नसेल तर हाताने होतं का? धुरकटपणा कमी होतो, रंग उजळतो. जाळी पूर्ण जात नाही. फोमच्या चकतीवर पॉलिश घेऊन सरळ रेषेत, एकेक फुटाचा भाग. एका बॉनेटला तास लागतो आणि दंड भरून येतात. पण रंग ताजा असेल तर तेवढं पुरतं.

एक दक्षता. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून त्यांना झाकतं. आज आरसा दिसतो आणि चार धुण्यांनंतर जाळी परत येते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी दोन भाग मिसळून फवारा, पुसा, आणि पुन्हा टॉर्च धरून बघा. आता दिसतं ते खरं. हे करताना जवळ विडी, अगरबत्ती काही नको.

वर काय लावायचं

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून येतो. गडद रंगावर त्याची खोल, ओलसर झळाळी मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. पण इथल्या उन्हा-पावसात तो काही आठवडे, फार तर दोन महिने टिकतो. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा पण कृत्रिम थर, काही महिने चालतो. मी पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, सीलंट लावतो आणि थंडीत हौसेने वॅक्स. दोन्ही अगदी पातळ लावायचे. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे काचेसारखा कडक बसणारा थर, जास्त टिकतं आणि सफाई सोपी करतं. पण त्यासाठी लागणारी कोरडी हवा आपल्याकडे मोजकेच दिवस मिळते. लावल्यावर पहिला दिवसभर तरी पाणी किंवा दव पडता कामा नये, त्यामुळे बंद जागा नसेल तर घरी करू नका. दमट हवेत ते पुसायच्या आत घट्ट होतं आणि इंद्रधनुषी डाग राहतात, जे पुन्हा पॉलिशनेच निघतात. शिवाय कोटिंगने दगडाचा टवका थांबत नाही आणि बोअरच्या पाण्याचे डागही थांबत नाहीत. जाळी तशीच ठेवून वर कोटिंग केलं तर ती जाळी काचेखाली बंद झाली म्हणायची. आधी पॉलिश, मगच कोटिंग.

रंगच नव्याने मारायचा असेल तर

काही वर्षांपूर्वी मी एक दार श्रावणात रंगवून घेतलं. गणपतीला पाहुणे यायचे होते, गाडी बरी दिसावी ही इच्छा. ऐन पावसात काम झालं, दार दिलं तेव्हा आरशासारखं होतं. दिवाळीच्या सुमाराला खालच्या भागात मोहरीएवढे फोड आले. एक फोड नखाने उचलला तर आत पाण्याचा थेंब होता, आणि तो खारट होता. पेंटरकाकांना दाखवलं. त्यांनी बोटाने तो भाग दाबून पाहिला आणि विचारलं, घासल्यावर पत्रा गोड्या पाण्याने धुतला होता का? नव्हता. मिठाचा अंश प्रायमरखाली राहिला की तो रंगाच्या थरातून हवेतली ओल आत ओढतो आणि फोड येतात. किनाऱ्यावर रंग फुगण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. तेव्हापासून रंगकामाआधी मी स्वतः दोन बादल्या गोडं पाणी घेऊन शेडमध्ये जातो. कोणी काही म्हणत नाही.

तुम्ही पेंटरकडे गाडी देताना पुढच्या गोष्टी बोलून घ्या. पत्रा घासण्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुणं, आणि पूर्ण वाळवणं. लांबी म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी ओली न घासता कोरडी घासणं, कारण ती पाणी शोषते आणि ते पाणी नंतर रंगाखाली अडकतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढून टाकणं आणि लाइनला पाणी अडवणारा फिल्टर असणं. आपल्या हवेत टाकीत दिवसभरात बरंच पाणी जमतं, ते गनमधून रंगात गेलं की टाचणीएवढी भोकं पडतात. आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असताना रंग मारणं. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि चमक पांढुरकी होते.

क्लिअर कोट टू-के हवा, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा. इथे आग्रहाने एक सांगतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले की दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क लावून ते अजिबात अडत नाहीत. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेळती असलेली बंद बूथ नसेल तर टू-के स्वतः घरी मारू नका. पेंटरचा पोरगा तोंड उघडं ठेवून फवारत असेल तर त्यालाही सांगा.

नव्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे राहतात. तो पूर्ण घट्ट झाल्यावर वॉटर पेपरने सपाट करता येतो. १५०० नंबर, मग २०००, मग ३०००. पेपर आधी पंधरा मिनिटं शाम्पूच्या पाण्यात भिजवा, रबरी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी दाबू नका. एका नंबरची दिशा आडवी तर पुढच्याची उभी, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते कळतं. घासताना निघणारं पाणी दुधासारखं पांढरं असलं पाहिजे. त्यात रंगाची छटा दिसली की क्लिअर फुटला, थांबा. सगळा भाग एकसारखा मंद दिसला, चकाकणारे खळगे उरले नाहीत, की मग कम्पाउंड आणि बारीक पॉलिश वर सांगितल्याप्रमाणे. कंपनीच्या मूळ पातळ क्लिअर कोटवर हा प्रयोग करू नका. नव्या रंगाला निदान महिनाभर वॅक्स लावू नका, आतलं थिनर उडायला वाट हवी.

टवके

मुंबई-गोवा महामार्गावर पुढच्या डंपरने उडवलेला खडा बॉनेटवर बसतोच. इतर ठिकाणी असा टवका सहा महिने राहिला तरी चालतं. इथे जूनमध्ये उडालेल्या टवक्याला आठवडाभरात तांबूस कड धरते. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर काडीच्या टोकाला लावून तेवढ्याच जागी खरवडा. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्यानुसार टच-अप बाटली मागवा. ब्रशऐवजी टूथपिकने प्रायमर, मग रंग, मग क्लिअर, प्रत्येक थर वाळवून, थोडा उंच राहील असा भरा. काही दिवसांनी ३००० च्या पेपरने सपाट करा. बाटली येईपर्यंत टवक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावून ठेवा, ओल आत जात नाही.

पावसाळ्यात आणि फेरीबोटीवरून आल्यावर

झोडपणाऱ्या पावसात गाडी आपोआप धुतली जाते असं वाटतं, पण रस्त्याचा लाल चिखल खालच्या अर्ध्या भागावर बसतोच. आठवड्यातून एकदा कमानी आणि तळ नळीने धुवा. काचांच्या रबरात, मागच्या नंबरप्लेटभोवती हिरवं शेवाळ धरतं. जुन्या मऊ टूथब्रशने आणि शाम्पूने ते काढा. पाणी आरपार न जाणारं प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ कोंडते. आणि वाऱ्यात फडफडणारं कुठलंही कव्हर धुळकट गाडीवर दिवसभर पॉलिश पेपरसारखं काम करतं. शेडच्या समुद्राकडच्या बाजूला झड, म्हणजे वारा-पाऊस अडवणारा आडोसा, बांधलेली कव्हरपेक्षा कितीतरी बरी.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून गाडी नेलीत तर चढता-उतरताना रॅम्पवरचं खारं पाणी तळाला उडतं. घरी पोचल्यावर रात्र झाली असली तरी इंजिन थोडं निवू द्या आणि पाच मिनिटं तळाखाली, कमानींत, पुढच्या जाळीवर गोडं पाणी सोडा. फडका सकाळी.